वाटणीपत्र

टॅलिसन, जॉर्जिया. कोर्टाचं तळघर.
तासाला अठरा डॉलरवर मी जुने कागद स्कॅन करते.
हातमोजे त्यांचे, पाठदुखी माझी.
वर चौकात पिकानची झाडं, दगडी शिपाई.
खाली मी, आणि साल अठराशे साठ.

अण्णा बार्शीला कचेरीबाहेर दस्त लिहायचे.
एक टेबल, एक छत्री, बोटांची शाई पुसायला फडकं.
म्हणायचे, वाटणीपत्रात खरं कारण कुणी घालत नाही.
"आपसात पटत नसल्याने", एवढंच.
कारण हवं असेल तर खालची यादी वाच:
बैल किती, आंबे किती,
विहिरीवर पाण्याची पाळी कुणाची.
भांडण यादीत असतं पोरी, मजकुरात नसतं.

म्हणून चौकातला दगड वाचून हसू आलं.
"हक्कांसाठी लढले."
कसले हक्क, ते दगड सांगत नाही. जागा पुरली नसेल.
कॉफीच्या दुकानात कुणी म्हणतं, जकात फार होती.
कुणी म्हणतं, अब्रूचा प्रश्न.
एका म्हाताऱ्याने मला फार मायेने समजावलं,
त्याच्या इंग्रजीचं माझ्या मनात असं मराठी झालं:
सख्खे भाऊ, पटेना, चूल वेगळी केली.

मग खोका क्रमांक चौदा.
थॅडियस क्रेनशॉ, इथला प्रतिनिधी.
जानेवारीत राजधानीला गेला
आणि फुटून निघायच्या बाजूने हात वर केला.
त्याच्या माणसांची शिरगणती:
चौतीस, पुरुष, काळा
बावीस, स्त्री, काळी
नऊ, स्त्री, काळी
चार महिने, पुरुष
अशा एकसष्ट ओळी. नावाचा रकानाच नाही.
"पळालेले" हा रकाना मात्र आहे.
त्यात, एकाच ओळीसमोर, एक.

यादी सापडली, अण्णा.
पण तिच्याखाली तुम्हाला खोटं पाडणारा कागद:
भाषणाचा कच्चा मसुदा, त्याच्याच अक्षरात.
जकात कुठेच नाही. अब्रू एकदा, तीही खोडलेली.
"नोव्हेंबरात निवडून आलेला म्हणतो,
नव्या मुलखात गुलामी जाऊ देणार नाही.
आज नव्या मुलखात. उद्या माझ्या अंगणात?
माझी निम्मी दौलत दोन पायांवर उभी आहे.
ती चालू लागली तर?"

म्हणजे लपवलं नव्हतं.
भर सभेत, दिवसाढवळ्या, सहीनिशी सांगितलं होतं.
लपवालपवी नंतरची,
हरल्यावर नातवंडांनी वर्गणी काढली
आणि दगड घडवायला टाकला, तेव्हाची.

खोक्याच्या तळाशी त्याच्या बायकोची स्वयंपाकाची वही.
"चौदा जानेवारी. थॅडियस उद्या निघेल. जेवायला अकरा जण.
हॅम दोन. डॉर्कसचा हात भाजला, रताळी करपली.
पाहुण्यांपुढे लाज."

चूल वेगळी केली म्हणतात.
चुलीपुढे डॉर्कस होती.
वाटणीत तिला धरलं होतंच,
वाटेकरी म्हणून नाही.

शेजारच्या टेबलावरून ओडेसा ग्रीनली उठून आली.
तिचं घराणं इथलंच, या लाल मातीतलं,
कुठल्या ओळीतलं ते तिला अजून कळलेलं नाही.
तिने हातमोजा काढला, नियमाविरुद्ध,
आणि बावीसवर बोट ठेवलं.
"ही असेल," म्हणाली. "नाहीतर ती चाळीसवाली."
मग डबा गरम करायला गेली.

स्कॅनचा उजेड कागदावरून सरकला.
पडद्यावर चौकट आली: दस्तात उल्लेख असलेल्या व्यक्ती.
मी लिहिलं, डॉर्कस.
खाली लाल रेघ. आडनाव आवश्यक आहे.

ओडेसा डबा घेऊन परतली, पडद्याकडे बघितलं.
"क्रेनशॉ लिहू नकोस," म्हणाली.
मग काय लिहू, ते तिलाही सांगता येईना.

आडनावाशिवाय पुढचं पान उघडत नाही.
खोका पंधरा तसाच आहे.