डोकी सांभाळा

बसा, बसा. ओल्या बाकावर नको, मधे सरका.
मी फोल्कर्ट. लायडनच्या या पाण्यावर एकवीस वर्षं,
दिवसाला सात फेऱ्या, हिवाळ्यात दोन,
पाणी गोठलं तर घरी.
हात बोटीबाहेर काढू नका.
इथले पूल ठेंगणे आहेत,
उंच माणसांची त्यांना सवय नाही.

उजवीकडे बघा: घरं पुढे कललेली दिसतात.
म्हातारी झाली म्हणून नव्हे,
मुद्दामच तशी बांधली.
वर, छपराच्या टोकाशी, लोखंडी आकडा दिसतो?
आमचे जिने शिडीसारखे उभे,
एका वेळी एक माणूस आणि त्याची धाप, एवढीच जागा.
पलंग, पियानो, कपाट,
सगळं दोराला बांधून खिडकीतून आत येतं.
जातंही तिथूनच.

आता डावीकडचं, हिरव्या दाराचं.
इथे मी वर्षानुवर्षं सांगत आलो
की मिऱ्यांच्या व्यापाऱ्याची विधवा राहायची,
पाऊस पडला की भिंतींना अजून वास सुटतो.
लोक नाक वर करायचे.
एका गृहस्थांना तर शिंक आली होती.

आणि मग तिसऱ्या मजल्याची खिडकी धाडकन उघडायची.
रिन्स्के. केसांना चिमटे, हातात कॉफीचा कप,
अख्ख्या कालव्याला ऐकू जाईल असं ओरडायची,
"मिरी नव्हे रे, साबण! साबण!
हिरवा, बुळबुळीत, माझ्या पणजोबांचा!"
तुमच्यासारखेच लोक टाळ्या वाजवायचे,
त्यांना वाटायचं, हे तिकिटातच आहे.

सात फेऱ्या, सात वेळा साबण.
आमचं बोलणं म्हणाल तर तेवढंच.
बाजारात, हेरिंगच्या गाडीपाशी समोरासमोर आलो
तर दोघंही चिरलेल्या कांद्याकडे बघत
आपापली पाळी यायची वाट बघायचो.

थांबा जरा. पुढची बोट अडली आहे.
हो, तेच घर. तोच आकडा.
कपाट उतरवतायत.
काठावरून हात हलवतोय तो तिचा भाचा,
खोर्निंगेनहून आलाय, त्याची व्हॅन चुकीच्या जागी उभी आहे.
काढा, फोटो काढा. सगळेच काढतायत.

आरशाचं कपाट आहे.
दोराला पीळ पडलाय, म्हणून गरगर फिरतंय:
आता त्यात ढग,
आता मनोऱ्यावरचं घड्याळ, काटे उलटे चाललेले,
आता आपण.
बघा ना, एवढीशी बोट,
तोंडांच्या जागी फोन,
आणि मागे सुकाणूपाशी टोपीवाला कुणीतरी,
मला ओळखायला जरा वेळच लागला.

आतून एक हँगर निसटला.
पाण्यात पडला.
बदकं धावली, पाव समजून.

खरं सांगू?
सकाळी अकराच्या फेरीत मी इथेच,
नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हटलं,
मिरी!
आणि मोटर बंद केली.
बोट नुसती पाण्याबरोबर सरकत राहिली.
खिडकी उघडीच होती, पडदे कधीच काढलेले,
आत रिकामी भिंत, भिंतीवर
एका चौकटीपुरता जुना रंग.
कुणी काही बोललं नाही.
एका पोरानं विचारलं, "काका, बॅटरी संपली का?"

तीनच्या फेरीला काय सांगायचं, ठरत नाहीये.
साबण म्हटलं, तर ती जिंकली
आणि तिला कळायचंही नाही.

टेकलं कपाट. चला.

पुढचा पूल सगळ्यात ठेंगणा आहे.
डोकी खाली घ्या.
अजून. अजून थोडी.
आजोबा, टोपी काढलीत तर बरं,
मीही काढतो.

धक्क्याची पायरी शेवाळलेली आहे,
उतरताना जपून.