नऊ आकडे

कारास्योकच्या टेकाडावर तापमापीची पांढरी पेटी.
रिस्तिनच्या बापानं चाळीस वर्षं
दिवसातून तीनदा आकडा टिपला.

जुनी वही चाळताना आज बोट अडलं :
फेब्रुवारी एकोणसाठ, सलग तीन दिवस
नऊ वेळा उणे एकतीस,
एकाच बैठकीत लिहिलेलं.
त्याच आठवड्यात आई गेली होती.

मेहुणा आंते खिडकीशी टेकून हसला :
बघ. सगळं थोतांड तुमचं.

तिनं त्याच्या कपात कॉफी ओतली
आणि ऑस्लोला कळवलं :
हे नऊ धरू नका. बाकीचे त्रेचाळीस हजार
उद्यापासून पुन्हा तपासते.

आंतेनं टोपी चढवली, दाराशी घुटमळला.
नदीवरचा बर्फ, म्हणाला,
गाडी पेलेल का गं या आठवड्यात?
काय म्हणते तुझी वही?