अठरा अंश

उद्यमनगरात भट्टीच्या तोंडाशी मी
रंगावरनं सांगतो, लोखंड ओतायला आलंय का नाही.
बावीस वर्षं. थर्मामीटर लागला नाही कधी.

घरी मात्र काचेवरच्या त्या पट्टीशी
चष्मा लावून वाकतो.
पंचवीस.
पाहिजेत अठरा.
आणि बाहेर कोल्हापूरचा एप्रिल, पत्र्यावर.

तेजल पुण्याला हॉस्टेलवर गेली.
जाताना टाकी, पंप, एक वहीचा कागद
आणि हे.
वीतभर, गुलाबीसर पांढरं, पापण्या नसलेलं.
मानेला दोन्हीकडं उसाच्या तुऱ्यासारखे कल्ले.
नाव लोणी.
"पप्पा, हे मोठं होतच नाही. जन्मभर पोरच राहतं."
मी म्हटलं, बरं आहे की मग, सोपं आहे.

तिसऱ्या आठवड्यात तुरे झडले.
उरल्या नुसत्या काड्या,
एका काडीवर कापसाचं बोंड.
शेपटीचं टोक आकडीसारखं वळलेलं.
फोनवर ती विचारायची, लोणी बरं आहे?
मी म्हणायचो, बरं आहे.

इंगवले डॉक्टर म्हशींचे.
डबा उघडून बराच वेळ बघत राहिले.
"मासा म्हणावं तर पाय आहेत.
पाल म्हणावी तर असली पाल
बघितली नाही मी. रवंथ करतं का?"
स्वतःच हसले. मग हसायचे थांबले.
"पाणी कधी बदलता?"
रोज, मी म्हणालो. छाती काढून म्हणालो.
सगळं. टाकी घासून. स्पंज नळाखाली पिळून,
पांढराशुभ्र होईस्तोवर.
डॉक्टरांनी झाकण लावलं.
"गोठा धुवावा हो.
म्हशीचं पोट आतनं कोण धुतं का?"

शाहूपुरीपर्यंत गाडी ढकलतच आणली.
पेट्रोल होतं. बसवेना.

त्या स्पंजात कुणीतरी राहत होतं,
डोळ्याला न दिसणारं, विष खाऊन जगणारं,
आणि मी रोज सकाळी आंघोळ करून
त्याला नळाखाली धरत होतो.

मग चहा.
अण्णाप्पाच्या गाड्यावर सांगितलं, कोरा. साखर नको.
आलं नको. आणि गार करून दे, थर्मासमध्ये.
"कुणाला रे? एवढं काय झालंय त्याला?"
दहा मिनिटं त्या तांबूस पाण्यात
लोणी बसलं, काहीच न बोलता.
मीही.

नंतर फ्रीज.
मालननं तोंड वाकडं केलं,
मग कोथिंबिरीची जुडी उचलून वर ठेवली.
इडलीचं पीठ, लिंबं,
आणि काळ्या कापडात गुंडाळलेला डबा.
रोज नवं पाणी, आदल्या रात्री उघडं ठेवलेलं,
मग त्याच फ्रीजमध्ये गार केलेलं.
दूध काढताना ती दार हळू लावायला लागली.
मी काही बोललो नाही. तीही नाही.

तेराव्या दिवशी परत टाकीत.
बर्फाच्या बाटल्या दोन, आलटून पालटून,
रात्री तीनला एक, पहाटे सहाला एक.
दुपारची मालनकडं.
स्पंज आता मळकट आहे. मी हात लावत नाही.

काल रात्री तेजलला सगळं सांगितलं.
ती गप्प होती. मग म्हणाली, माझ्या कागदावर
लिहिलं होतं की, पप्पा, चौथ्या ओळीत.
होतं. मी पट्टीएवढंच वाचलं होतं.

आज बावड्याहून गांडुळं आणली,
औषध न मारलेल्या मळ्यातली.
चिमट्यात एक धरून तोंडापुढं हलवलं.
बघितलं. घेतलं. थुंकलं.
परत.
थुंकलं.
कल्ल्याच्या काडीवर, दिवा तिरका धरला तर,
लव आल्यासारखं वाटतं. वाटतंच असेल.
भट्टीनं डोळे गेलेत माझे.

तिसऱ्यांदा ओढलं त्यानं एकदम,
आणि थांबलं तसंच,
अर्धं आत, अर्धं बाहेर वळवळणारं.
मी श्वास धरलेला, चिमटा हातात.

आतनं मालन विचारते,
"पाणी किती?"

एकोणीस.