राखेचं पाणी

बुगुरिबा नदी जिथे खडकांवर फुटते
तिथे मी डबा उघडतो.
आत तपकिरी, दाटसर काहीतरी,
शिळ्या पेजेचा वास.
दर आठवड्याला, पाण्याच्या ओढीचा हिशेब करून,
ओणवं होऊन, सावकाश ओततो.

बा काठावर. काठीचं एक टोक त्यांच्या हातात,
दुसरं ओल्लोच्या. ओल्लो माझा धाकटा,
शाळा बुडवून आलाय.
"विष ओततोयस?"
नाही, म्हटलं. म्हणजे आहे. पण.
मी पुढचं बोलेपर्यंत त्यांनी बोट बुडवून चाटलंसुद्धा.
"पीठ," म्हणाले. "आंबलेलं. मीठ कमी."

मग मी त्यांना आईची साबणाची हंडी आठवून दिली.
ताटांची राख, तिच्यातून गाळलेलं पाणी,
जिभेवर पडलं तर जीभ सोलणारं,
त्यात शियाचं तूप शिजायचं.
काळ्या माशीच्या अळीच्या पोटात, बा, तसलं पाणी असतं.
तुमच्या पोटात चिंच, दोलो, सगळा आंबटपणा;
तिथे हे प्रथिन डाळीसारखं मुकाट जिरून जातं.
अळी मात्र खडकाला चिकटून, डोक्यावरचे दोन पंखे पसरून
नदी गाळत बसलेली असते,
येईल ते गिळते,
हा डोळ्यांना न दिसणारा खडाही गिळते.
राखेच्या पाण्यात तो विरघळतो.
तिचेच पाचकरस त्याची टोकं कातरतात,
तीच त्याला धार लावते,
आणि मग तो आतड्याच्या भिंतीवर आपली जागा शोधून
भोक पाडतो.
पंखे मिटतात. भूक आधी मरते, अळी नंतर.

"कुठल्या लोहाराचं काम?"
चिखलातला एक जिवाणू, बा.
उपासमार आली की बीज होऊन स्वतःला कुलूप लावतो,
आणि शेजारी हा खडा ठेवून देतो.
"कुणासाठी?"
ते मला प्रशिक्षणात सांगितलं नाही.

आधीचं औषध माश्यांनी पचवलं होतं.
हे अजून नाही.
पण हे उन्हात दमतं, डोहात तळाला बसतं,
खालच्या गावापर्यंत पोचता पोचता नुसतं पीठ उरतं.
म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा.
"म्हणजे तुला जन्माची नोकरी," बा हसले.
ओतल्या जागेतूनच एक खेकडा वर आला
आणि माझ्या बुटावरून निघून गेला.

पलीकडच्या काठावर जुनं गाव आहे,
मातीच्या भिंती कमरेइतक्या उरलेल्या.
तिथून निघाले तेव्हा बांना
उजेड आणि काळोख एवढं कळत होतं.
आता तेही नाही.
त्यांच्या डोळ्यांतलं पांढरं कशातच विरघळत नाही,
ना आंबटात, ना राखेत.

माश्या मोजायला माणूस हवाय, मी सहज बोललो.
दिवसभर उघड्या पायांनी बसायचं,
माशी टेकली की चावायच्या आत काचेची नळी उपडी घालायची.
बांनी विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळायला घेतली.
डोळे लागतात त्याला, मी म्हटलं.
"माशीला लागतात," ते म्हणाले. "मला पाय आहेत."

संध्याकाळी ओल्लोने नळ्या उजेडाकडे धरल्या.
तीन.
बा म्हणतात चार होत्या,
एक टेकली, थांबली, आणि न चावताच उडाली.
वहीत तसा रकाना नाही.