सुट्टे पैसे

बाबा न्हाणीघराच्या दारात उभे, हात पुढे करून.
"तिकीट."
मी पन्नास पेसोचं नाणं त्यांच्या तळव्यावर ठेवते.
ते उलटून बघतात, दाताखाली धरतात, परत देतात.
"हे इथे चालत नाही, बाई."

अडतीस वर्षं त्यांनी एक लाकडी डबा
वाल्पराइसोच्या उतारावरून वर नेला, खाली आणला.
तारेला बांधलेला डबा, आठ माणसांचा,
नववं असलं तर कुणाच्या तरी मांडीवर.
एक मिनिट वीस सेकंदांचा प्रवास.
तेवढ्यात माणसं भांडायची, सोयरिकी जुळवायची;
एका खलाशानं तर खालून वर येईतो धर्म बदलला,
असं बाबा सांगायचे,
आणि वर पोचल्यावर पश्चात्ताप झाला म्हणून
परतीचंही तिकीट काढलं.
आता रुळांमध्ये रानबडीशेप वाढलीय कमरेएवढी
आणि दोन एलेउतेरिओ
घरातल्या एकेका दारात ड्यूटीवर असतात.

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ काढायला सांगितलं.
त्यांनी गोल नीट काढला.
आकडे मात्र सगळे खाली, एका बाजूला,
उताराच्या पायथ्याशी रांग लावल्यासारखे.

मग मी रविवारच्या जुन्या बाजारात
एस्कुदो शोधत फिरले, माझ्या लहानपणीच बाद झालेले.
विकणारा म्हणाला, संग्रह करता वाटतं?
हो म्हटलं.
सतरा नाणी, बिस्किटांच्या डब्यात.
एक आंघोळीला, एक जेवणाच्या टेबलाशी,
एक गोळ्यांना, एक अंथरुणाला.
रात्री ते झोपले की त्यांच्या खिशातून काढून घेते,
चोरासारखी, श्वास धरून.
एखादं खुर्चीखाली घरंगळलं
तर डोळ्याला डोळा लागत नाही त्यांच्या:
"गल्ल्यात एक कमी आहे. पगारातून कापतील."

रामिरो अंतोफागास्ताहून फोन करतो.
वारा कसा आहे, बंदरात जहाजं किती,
चार मिनिटं बाबा अगदी झकास.
"काय गं नोएमी, छान तर बोलतात की!"
मी फोन खांद्यात धरून चादर पिळत असते.

सांगायचंच तर हेही सांगते.
जुलैतली रात्र, तिसऱ्यांदा उठवलं होतं त्यांनी,
आणि मी ओरडले,
गाडी बंद पडली, बाबा! दहा वर्षं झाली!
कुणी येत नाही आता, कुणीसुद्धा नाही!
त्यांनी टोपी काढली. माझ्या मागे बघत
हळूच म्हणाले,
"मग ह्या लोकांना कोण सांगणार?"
मी वळून पाहिलं. खरंच पाहिलं.
जिना. बादली. खुंटीवर माझा ओला कोट.

काल पाणी कोमट करून ठेवलं,
टॉवेल शेगडीजवळ टांगला,
आणि डबा काही सापडेना.
"आज सुट्टे नाहीत माझ्याकडे," म्हटलं.
त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं,
हनुवटीशी थोडं थांबले,
आणि बाजूला झाले.
"जा. ऑपरेटरच्या मुलीला तिकीट नसतं."

मला पुढे पाऊल टाकवेना.
"ओळखता तुम्ही तिला?"
"न ओळखायला काय झालं?
दात पुढे आहेत. शाळेतून आली की
दप्तर माझ्या पायावर टाकते,
दिवसातून चार चकरा, काम ना धाम.
खिडकी उघडू नको म्हटलं की उघडणारच.
आईवर गेलीय."

मी त्यांच्या शर्टाची बटणं काढली.
पाठीवर पाणी ओतलं, कानांमागे साबण लावला,
आणि ते मुकाट बसून राहिले,
वर जाताना लोक बसतात तसे, गुडघ्यांवर हात ठेवून.

"भेटली तर सांगाल तिला?
उशीर होईल मला आज.
फडक्यात पाव आहे, खाऊन घे म्हणावं."
"सांगते."

वाफ फार झाली होती.
मी खिडकीकडे हात नेला.
"उघडू नको," बाबा म्हणाले.