बोटभर भोक

झीहनमध्ये पाऊस थांबला असं कुणी म्हणत नाही.
दम घेतोय, म्हणतात.

अशाच एका दम घेण्याच्या दोन तासांत
मला ट्रेलरच्या भिंतीला भोक पाडायचं होतं.
छतावर सोलर पॅनेल, बाकाखाली बॅटरी,
आणि मधे पत्रा, थोडा फोम, प्लायवूड.
तीन दिवस कानाला पेन्सिल लावून हिंडले.
बाहेरून मोजलं, आतून मोजलं,
टकटक करून भिंतीच्या बरगड्या ऐकल्या.
पाणी आत येऊ नये
एवढं एकच काम ज्या पत्र्याला दिलेलं,
त्यालाच भोसकायचं म्हणजे
हात कचरतो.

शिवाय ट्रेलर माझा नव्हता.
टॅम्सिनच्या आईचा.
ती होबार्टला गेली तेव्हा जे मागे राहिलं
त्यात हा ट्रेलर, एक गंजलेला जॅक,
मी पुढे जाऊन लग्न केलं तो माणूस,
आणि तेरा वर्षांची ही मुलगी,
जी मला 'नेरिडा' म्हणते
तेव्हा आतून कडी लावल्याचा आवाज येतो.

सोनारानेच कान टोचावेत, खरं आहे.
पण आमचा इलेक्ट्रिशियन बुधवारी येतो,
तोही आला तर.

मी चिकटपट्टीवर फुली मारली.
मागे वळले तर ती,
व्हॅक्यूमची नळी गळ्यात घालून उभी.
"कीस आत पडेल," म्हणाली,
आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

ड्रिल पहिल्यांदा घसरलं.
पांढऱ्या पत्र्यावर नखाएवढा ओरखडा.
मी शिवी दिली. आतून हसल्यासारखं काहीतरी,
कदाचित व्हॅक्यूमच असेल.
दुसऱ्यांदा टोक बसलं, कुरकुरत गेलं,
फोममध्ये एकदम हलकं झालं, मग पुन्हा लाकूड,
मग तिचा आवाज, अगदी जवळून:
"दिसलं."

मग दातेरी कडं लावून भोक मोठं केलं.
चकती निघाली, नाण्याएवढी, चटका देणारी.
कानशीने कडा मऊ केल्या,
उघड्या प्लायला रंगाचे दोन हात दिले,
कारण प्लाय पाणी पितो ते मुकाट,
वर्षभर काही बोलत नाही
आणि एक दिवस फुगतो.
रंग वाळेपर्यंत मी भोकातून पाहिलं.
पलीकडून एक डोळा बघत होता, करडा.
दोघींनीही तो काढला नाही
लगेच.

मी केबल ढकलली, तिने ओढली.
"सोड." "थांब." "अजून एक वीत."
एवढं आम्ही जेवणाच्या टेबलावर
महिन्यात बोललो नव्हतो.
ग्लँडखाली सीलंटचं वेटोळं,
वरून टोपी पिळली की आतलं रबर तारेला धरतं.
ढिलं राहिलं तर पाणी,
जास्त पिळलं तर रबर चेपतं
आणि पुन्हा पाणीच.
आणि भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोल.
थेंब तारेवरून चालत येतो,
झोलाच्या तळाशी पोचतो,
पुढची चढण पाहून कंटाळतो
आणि पडतो.
ताणलेल्या तारेवरून मात्र तो सरळ घरात येतो.

सीलंट धरायला रात्र दिली.
दुसऱ्या दिवशी ती ग्लँडभोवती टॉयलेट पेपर गुंडाळून
टॉर्च घेऊन आत बसली,
मी बाहेरून नळी सोडली.
पाच मिनिटं. सात.
तेवढ्यात पावसाचा दम घेऊन झाला.
मी नळी बंद केली आणि उभी राहिले,
चष्म्यावरून, कोपरावरून गळत,
आता तपासणी थेट वरूनच.

बऱ्याच वेळाने दार बोटभर उघडलं.
कागदाचा बोळा बाहेर आला, कोरडा,
माझ्या हातात येईस्तोवर.

ओरखडा तेवढा राहिला.
"तुझ्या आईनं विचारलं तर?"
तिने अंगठ्याने तो एकदा पुसून पाहिला.
"आधीपासूनच होता," म्हणाली,
आणि माझी कानस
आपल्या खिशात घालून निघून गेली.