फलालीनचा फळा

आमच्या चर्चच्या तळघरात, बॉयलरला टेकून,
बिस्किटांची एक पत्र्याची पेटी आहे.
तिच्यात मावतात इस्राएलचे बारा वंश,
सात मेंढरं, दीड होडी
आणि एक उंट, ज्याचं कुबड
टोइवोच्या धाकट्या भावाने चघळून सपाट केलंय.

पाठीला खरखरीत कागद डकवलेली चित्रं.
फलालीनच्या फळ्यावर टेकवून बोट काढलं
की जागच्या जागी राहतात.
राहायची.
आता घसरतात खाली, देवदूतांसकट,
आणि मुलं खिदळतात. मीही.

अडतीस वर्षं शब्बाथशाळेची ही पेटी उघडतेय
दर रविवारी सव्वादहाला.
डुलूथच्या बंदरात लोहदगडाची जहाजं शिरतात,
पुलाचा भोंगा वाजतो,
आणि प्रार्थना अर्धी टाकून
टोइवो खिडकीवर चढतो, जहाजाचं नाव वाचायला.
मी थांबते.
आमेनला घाई कसली.

नोव्हेंबरातला रविवार होता.
गोष्ट त्या बुटक्या जकातदाराची,
गर्दीत दिसेना म्हणून झाडावर चढला तो.
उंबर लावला. फांदीवर त्याला बसवलं.
गर्दी लावली, एका पायाचा म्हातारा धरून.
मग पेटीत हात घातला,
तर येशू नाही.

पेटी उपडी केली. टेबलाखाली पाहिलं,
पियानोच्या पायांशी.
सापडलं एक बटण, एक कॅनडाचं नाणं.

खरं सांगते, जीव चरकला, आणि जरा हायसंही वाटलं.
अठ्ठावन्न साली छापलेला तो, गुलाबी गालांचा,
केस असे की नुकताच न्हाव्याकडून उठलाय.
मागच्या वर्षी वासेयाने आपला हात
त्याच्या हाताशेजारी धरून पाहिला होता,
आणि काही न बोलता मागे घेतला होता.

"मग हा झाडावरून बघतोय कुणाला?"
लिनेआने विचारलं.

पूर्वी माझ्याकडे उत्तरं असायची,
इस्त्री करून घडी घातलेली.
हल्ली नसतात.
म्हटलं, तुम्हीच सांगा.

टोइवो म्हणाला, येशू केव्हाच त्याच्या घरी जाऊन
जेवायला बसलाय. हा उगाच झाडावर.
लिनेआ म्हणाली, जो येईल त्याला बघतोय.
वासेया उठली,
आपला निळा लोकरी हातमोजा काढला
आणि रिकाम्या रस्त्यावर टेकवला.

राहिला.
लोकर फलालीनला घट्ट धरते
हे मला अडतीस वर्षांत सुचलं नव्हतं.

तेवढ्यात ऑरिन आला, मोठं पातेलं न्यायला.
सोळा वर्षांचा. वसंतात दृढीकरणाच्या दिवशी
त्याने सगळ्या मंडळीपुढे वाचून दाखवलं होतं:
देव आहे की नाही, मला ठाऊक नाही,
पण गुरुवारचं सूप मी ढवळीन.
पाळकबाईंनी त्याला स्वयंपाकघराची किल्ली दिली.
कुणी खोकलं. कुणी नाक शिंकरलं.
त्यानंतर एकही गुरुवार त्याने चुकवलेला नाही.
फळ्याकडे बघून तो म्हणाला,
"दुसरा हातमोजा कुठाय?"
आणि पातेलं घेऊन गेला.

वर कॉफीच्या टेबलाशी हॉगेन आजोबांनी गाठलं:
"व्हर्ना, पोरांना नक्की शिकवता तरी काय तुम्ही?"
राग नव्हता आवाजात. भीती होती.
त्यांची नात सहा वर्षं घरी आलेली नाही.
मी त्यांच्या कपात साखर घातली, दोन चमचे,
त्यांना वर्ज्य आहे हे ठाऊक असून.
दुसरं काही सुचलं नाही.

घरी निघताना वारा सरोवरावरून सुटला होता,
कान तोडणारा.
वासेयाने फळ्यावरून येशू काढला,
हातात घातला
आणि चालू लागली.

तो जुना सापडला मार्चमध्ये,
पियानोच्या आत, तारांच्या खाली.
म्हणून तो खालचा सूर वर्षभर घोगरा होता तर.
फेकवला नाही.
आता गर्दीत लावते त्याला,
एका पायाच्या म्हाताऱ्याच्या शेजारी.
म्हातारा घसरायचा एरवी.
दोघं एकमेकांना धरून
बऱ्यापैकी टिकतात.